दिवाळीआधी कोण, दिवाळीनंतर कोण

तिसरीतलं एक लेकरू भाषेच्या पुस्तकातला धडा खडाखडा म्हणून दाखवायचं. बोट ओळीवरून नीट सरकायचं, पूर्णविरामाला आवाजही खाली यायचा. त्याच धड्यातली वाक्यं मी मागेपुढे करून कोऱ्या कागदावर लिहिली आणि त्याच्यासमोर ठेवली, तर बोट दुसऱ्या शब्दावरच थांबलं. धडा त्याला ऐकून पाठ झाला होता, अक्षरं अजून भेटलीच नव्हती. त्यानंतर तिसरी-चौथीची चाचणी पुस्तकाबाहेरच्या मजकुरावरच घ्यायची, हे मी ठरवून टाकलं.

आमची शाळा कुंडलिकेच्या पलीकडे, नवीन जालन्यात. मुलांचे वडील कुणी बाजारात हमाली करतात, कुणी सळई तयार करणाऱ्या कारखान्यांत पाळीने जातात. घरात कुठे मराठी, कुठे उर्दू, कुठे गोरमाटी, तर कारखान्यांमागच्या खोल्यांत भोजपुरी. ‘प्रथम’ संस्था २००५पासून ‘असर’ पाहणीत जी पद्धत वापरते, तीच मी घेतली. एकेका मुलाला जवळ बसवायचं आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी ते कुठपर्यंत पोचतं ते पाहायचं. जूनमध्ये पंचवीसेक मुलं शब्दापाशी किंवा त्याच्याही मागे निघाली.

उपाय सुचायला वेळ लागला नाही. परिपाठाआधी अर्धा तास सातवीच्या मुलींनी वाचन घ्यायचं, एकेकीकडे दोनच मुलं. मुख्याध्यापकांनी लगेच होकार दिला. मला मात्र आणखी एक गोष्ट हवी होती. या अर्ध्या तासाने खरंच फरक पडतो का, हे कळायला हवं होतं.

बी.एड.ला आम्ही सगळ्यांनी कृतिसंशोधन केलेलं असतं. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, सरासरी वाढली, उपक्रम यशस्वी. हा सांगाडा मला अपुरा वाटतो. चार महिने मूल वर्गातही शिकतच असतं, त्यामुळे सरासरी तशीही वाढतेच. शिवाय आपण निवडतो ती त्या दिवशी सर्वांत मागे पडलेली मुलं. त्यांतल्या एखाद्याला ताप असतो, एखादी नव्या बाईंना घाबरून गप्प बसलेली असते. पुढच्या वेळी ही मुलं काहीही न करता थोडी वर येतात आणि श्रेय उपक्रमाला मिळतं. तुलनेला दुसरा गट नसेल, तर यातलं किती कशामुळे झालं ते सांगता येत नाही.

इथेच शिक्षकाचं मन अडतं. माझ्याबरोबरच्या बाईंनी सरळ विचारलं, “म्हणजे मॅडम, निम्म्या लेकरांना मुद्दाम मागे ठेवायचं?” या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणं मला शक्य नव्हतं.

उत्तर मला बालसखीच्या प्रयोगात सापडलं. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ने वस्तीतल्या शिकलेल्या मुलींना बालसखी म्हणून नेमलं. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या रोज दोनेक तास वर्गाबाहेर नेऊन शिकवत. या कामाची तपासणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. यातल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळालं. वडोदऱ्यात २००१-०२मध्ये निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला दिली, निम्म्यांत चौथीला, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल केली. मदत प्रत्येक शाळेला मिळाली, तुलनाही झाली. सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. वर्गात उरलेल्यांना मात्र गर्दी कमी झाल्याचा फारसा लाभ दिसला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या घटवून भागत नाही, मुलाच्या पायरीवर जाऊन शिकवावं लागतं.

आमची शाळा एकच, म्हणून मी जोड्या लावल्या. सारख्या पायरीवरची दोन मुलं, दोघांची चिठ्ठी. एकाचा अर्धा तास दिवाळीआधी, दुसऱ्याचा दिवाळीनंतर. गटांना हीच नावं ठेवली, कारण एका आईने दारातच विचारलं होतं, “मेरा बच्चा ढ है क्या, मॅडम?” चाचणी घेणाऱ्या बाईंना कोण कोणत्या गटात आहे ते सांगायचं नाही. गोष्ट वाचून झाली की मुलाने ती आपल्या शब्दांत सांगायची, हवं तर घरच्या भाषेत. उच्चार चुकला आणि अर्थ कळला, या दोन वेगळ्या नोंदी.

आराखडा कागदावर छान दिसत होता. मग पालकांना भेटले. बिहारकडची कुटुंबं दिवाळीला छठपूजेसाठी गावी जातात आणि लेकरं कधी महिन्याने, कधी त्याहून उशिरा परततात. त्यातल्या कुणाची चिठ्ठी ‘नंतर’ची निघाली, तर त्याच्या वाट्याला काहीच उरलं नसतं. अशा मुलांना मी चिठ्ठीतून बाहेर काढलं. त्यांना सगळ्यांना आधीच शिकवायचं आणि तुलनेत धरायचं नाही. त्यामुळे आधीच लहान असलेले गट आणखी लहान झाले. अहवालात तसं स्पष्ट लिहीन. इतक्या थोड्या मुलांवरून महाराष्ट्राबद्दल काही सांगता येणार नाही, आमच्या शाळेने हा तास पुढे चालवावा की नाही एवढंच ठरेल. मला तेवढं पुरेसं आहे. संशोधन आणि लेकराची गरज यांत ओढाताण झाली, तर आधी आराखडा वाकला पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

दुसरी अडचण पाण्याची. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी भरणं उरकेपर्यंत मोठ्या मुली घरीच थांबतात, आणि शिकवणार तर त्याच. गल्लीगल्लीची पाळी वेगळी, म्हणून शेजारच्या गल्लीतली एकेक मुलगी बदली ठेवली. मुलांच्या हजेरीशेजारी शिकवणाऱ्या ताईच्या हजेरीचाही रकाना आखला. मुलाला प्रत्यक्षात किती अर्धे तास मिळाले, हे कळल्याशिवाय निकालाला अर्थ नाही.

या ताया निवडताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला सर्वांत जास्त खुणावते आहे. सातवीतल्या दोन-तीन मुली जोडाक्षरांपाशी अडखळत होत्या. त्यांना वगळा, असं सहकाऱ्यांचं मत पडलं. मी त्यांना घेतलं. तिसरीच्या मुलापुढे मोठ्याने वाचण्यासाठी त्या आदल्या दिवशी घरी मजकूर वाचून येतील, असा माझा अंदाज आहे. खरा की खोटा ते मोजावं लागेल, म्हणून चिठ्ठ्या काढण्याआधीच त्यांचीही चाचणी घेतली. त्यांचे आकडे वेगळ्या पानावर लिहिले आहेत आणि सध्या ते पान त्यांना दाखवलेलं नाही.