कीचकाचा पोशाख

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लॉर्ड कर्झनचे नाव एकदाही येत नाही, तरीही १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले तेव्हा कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, कंकभटाच्या वेषातला धर्मराज म्हणजे मवाळ आणि बल्लव झालेला भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. नाशकात १९०९च्या डिसेंबरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, आणि त्यापाठोपाठ १९१० साली सरकारने ‘कीचकवधा’वर मनाईहुकूम बजावला. अशा हुकमाची सोय १८७६च्या कायद्याने आधीच करून ठेवली होती.

सावेडीत पाइपलाइन रस्त्यालगतच्या आमच्या तालमीच्या खोलीत या कथेवर काम करताना तरुण नट हमखास सुचवतात की, कीचकाला आजच्या एखाद्या सत्ताधीशाचा पोशाख चढवावा. मी ठामपणे नकार देतो. तसे केले की ओळखण्याचा जो अधिकार प्रेक्षकाचा, तो आपणच हिरावून घेतो, आणि खाडिलकरांनी ज्या विश्वासाने तो प्रेक्षकांच्या स्वाधीन केला त्याचा अवमान होतो.

त्याऐवजी मी त्यांना विराटपर्वाकडे नेतो. भरदरबारात कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीला लाथ मारतो, भीम खवळून उठू पाहतो, आणि धर्मराज आपल्या अंगठ्याने त्याचा अंगठा दाबून त्याला आवरतो. एवढीच हालचाल आम्ही पुनःपुन्हा घोटतो: कंकाची नजर राजावर खिळलेली, कपाळी घाम, आणि दाबलेल्या अंगठ्यापासून भीमाच्या खांद्यापर्यंत चढत जाणारा ताण. आमच्याही संहिता तपासणीसाठी परिनिरीक्षण मंडळाच्या दप्तरी दाखल होत आल्या आहेत. पण तेथे पोचतात ती वाक्ये, हा अंगठा नव्हे.

खाडिलकरांना उघड बोलण्याचे भय होते, म्हणून त्यांनी पुराणाचा आडोसा घेतला, असे कोणी म्हणाले की मला मनस्वी वेदना होतात. टिळक मंडालेस गेल्यावर ‘केसरी’ची धुरा वाहणारा आणि १९२९ साली ‘नवाकाळ’मधील लेखनापायी राजद्रोहाची शिक्षा भोगणारा हा पुरुष! अग्रलेखात त्यांनी स्पष्ट शब्द वापरले, कारण तेथे वाचक एकटा असतो; नाटकगृहात मात्र शेकडो माणसे एकाच क्षणी तेच ओळखतात आणि शेजाऱ्यानेही ओळखले आहे हे त्यांना कळते. तालमीत मी भीमाच्या भूमिकेतील नटाला सांगतो, अंगठा दाबला गेल्यावर लगेच मान खाली घालू नकोस. प्रेक्षागृहातला श्वास रोखला गेल्याचे तुला जाणवेपर्यंत थांब.