ऐकून घेणें

नागपूरच्या दक्षिण अंगास, वर्धा मार्ग आणि रेल्वेचे रूळ यांच्या सोबतीनें वाढलेलें मनीषनगर हें आमचें वस्तीचें ठिकाण. आम्हीं येथें घर बांधलें तेव्हां रेल्वेच्या फाटकापाशीं तिष्ठत उभें राहून मालगाडीचे डबे मोजणें, हा लहान-थोर सर्वांचाच नित्यक्रम असे. आतां उड्डाणपूल झाला. २०१९ च्या मार्च महिन्यापासून वर्धा मार्गावर डोक्यावरून मेट्रो धांवूं लागली. मंडळींचीं पुष्कळ मिनिटें वांचलीं. हीं वांचलेलीं मिनिटें जातात तरी कोठें, असा प्रश्न आमच्यासारख्या सेवानिवृत्त मास्तरास साहजिकच पडे. त्याचें उत्तर रात्रीं जेवणें आटोपल्यावर मिळतें. तीं टीव्हीपुढें जातात.

वाचकांनीं असें समजूं नये कीं, आम्ही येथें टीव्हीची निंदा करण्यास बसलों आहों. निंदा करावयाची तर आधीं स्वतः उठून दुसऱ्या खोलींत जावें लागेल, आणि तेवढें धैर्य आमच्या अंगीं नाहीं. नव्वदी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींपासून बारा वर्षांच्या नातीपर्यंत घरांत दहा माणसें आहेत. एका पंगतीस बसणें आतां साधत नाहीं. कोणाची नोकरी आडवी येते, कोणाची शिकवणी. पण गाण्याची स्पर्धा लागली कीं दहाही जण एका खोलींत जमतात. पूर्वीं पंगतीचा जो मान होता, तो आतां स्पर्धेस मिळाला आहे, इतकेंच.

ही संवय आम्हांस लागून वीस वर्षें होऊन गेलीं. २००५ च्या मार्चमध्यें 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्याच पर्वांत अभिजीत सावंत हा मुंबईचा मराठी मुलगा लोकांच्या मतांवर पहिला आला. आमच्या घरांतूनही मतें गेलीं. महिनाअखेरीस मोबाईलचें बिल पाहून थोरले चिरंजीव कांहीं दिवस अबोल होते. पुढें २००८ सालीं झी मराठीवर 'सा रे ग म प'चें 'लिटिल चॅम्प्स' हें मुलांचें पर्व सुरू झालें. परीक्षकांच्या आसनांवर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत होते. याच दोघांच्या 'ऐका दाजिबा'नें कांहीं वर्षांपूर्वीं लग्नाच्या वराती दणाणून सोडल्या होत्या, आणि आम्ही त्या गाण्यास 'गोंगाट' असें नांव देऊन मोकळे झालों होतों. तेच दोघे आतां मुलांच्या स्वरांतील बारीकसारीक उणिवा प्रेमानें दाखवूं लागले, तेव्हां आमचें मत आम्हांस गुपचूप बदलावें लागलें.

शेवटीं पांच मुलें उरलीं : कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत. घरांत तत्काळ पक्ष पडले. मातोश्री अभंगांमुळें कार्तिकीच्या, आमच्या सौभाग्यवती मुग्धेच्या, आम्ही प्रथमेशचे. २००९ च्या फेब्रुवारींत कार्तिकी पहिली आली आणि मातोश्रींनीं दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या हातानें शिरा केला. २०२१ सालीं हींच पांच मुलें, आतां जाणतीं होऊन, त्याच कार्यक्रमांत परीक्षकांच्या जागीं बसलीं. आणि २०२३ च्या डिसेंबरांत मुग्धा व प्रथमेश यांचें लग्न झालें. त्यायोगें आमच्या घरचे दोन पक्षही आपोआप एक झाले.

आम्ही जातीचे मास्तर. डोळ्यांपुढें टीव्ही असला तरी मन जुन्या पोथींत शिरल्यावांचून राहत नाहीं. अशा स्पर्धा पाहतांना आम्हांस कालिदासाचें 'मालविकाग्निमित्र' आठवतें. गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य आपसांत भांडतात, श्रेष्ठ कोण याचा निवाडा राजानें करावा म्हणतात, आणि कौशिकी ही परिव्राजिका परीक्षक होते. तिचे नियम आजही ध्यानांत घेण्यासारखे आहेत. सर्वज्ञ माणसानेंही एकट्यानें निर्णय देऊं नये, हा पहिला. आणि शिष्यांनीं वेषभूषेचें अवडंबर न करतां रंगावर यावें, म्हणजे अंगचें कौशल्य उघड दिसेल, हा दुसरा. आजच्या रंगमंचावरील धूर आणि दिव्यांचा लखलखाट पाहून ती परिव्राजिका काय म्हणती, कोण जाणे !

परंतु त्या नाटकांतील एक गोष्ट आम्हांस पूर्वीं कधीं खटकली नव्हती, ती आतां खटकते. ही सारी स्पर्धा विदूषकानें जुळवून आणलेली असते, ती राजाच्या दृष्टीस मालविका पडावी म्हणून. मालविका नृत्य करते; राजाचें काम होतें. मग हरदत्त पुढें येऊन 'आतां माझा प्रयोग पाहावा' म्हणतो, तोंच मध्यान्हाची ललकारी होते, विदूषकास भोजनाची आठवण होते आणि सभा उठते. पुढच्या अंकांत दासींच्या बोलण्यांतून केवळ निकाल कानीं येतो : शिष्येच्या गुणांमुळें गणदास वरचढ ठरला. हरदत्ताची शिष्या प्रेक्षकांस शेवटपर्यंत दिसत नाहीं. तिनें किती दिवस तयारी केली असेल, कोणी विचारीत नाहीं. वर्षानुवर्षें आम्हीं हें नाटक वाचलें, मुलांस समजावून सांगितलें. पण त्या पडद्याआडच्या मुलीचा विचार आमच्या मनांत आला नाहीं. तो यावयास आमची नात मुंबईहून परत यावी लागली.

नातीचा गळा गोड आहे. आजोबांच्या तोंडची ही स्तुति वाचकांनीं हवी तर निम्मी धरावी. ती सहा वर्षांची असल्यापासून पेटीवर शिकते आहे. गेल्या वर्षीं एका वाहिनीच्या स्पर्धेची पहिली चांचणी नागपुरास झाली, तींत ती निवडली गेली आणि मुंबईस बोलावणें आलें. घरांत दसरा-दिवाळी एकदम झाली. तिच्या आईबापांस रजा मिळेना, म्हणून तिला घेऊन जाण्याचें काम आमच्याकडे आलें.

सायंकाळीं विदर्भ एक्सप्रेस धरिली. नागपूर ते मुंबई हा आठशें किलोमीटरांहून अधिक प्रवास. पण वर्धा, बडनेरा, अकोला अशीं स्टेशनें मागें टाकीत रात्र कधीं सरली, कळलें नाहीं. वरच्या बाकावर पडून ती पुटपुटत गात होती. शेगांव आलें तेव्हां तिनें खिडकींतून गजानन महाराजांस हात जोडले. समोरच्या बाकावरील एका गृहस्थानें तिच्याकडून एक नाट्यपद म्हणवून घेतलें आणि पुढें होऊन तिच्या हातावर पेढा ठेवला. तें पद मात्र तिनें पुरतें म्हटलें.

मुंबईस सकाळीं नऊपासून रांग. आपल्यासारखींच शेंकडों मुलें, आणि आमच्यासारखेच पाण्याच्या बाटल्या व डबे घेऊन बसलेले आईबाप आणि आजेआजोबा. दुपारीं तीननंतर तिचा नंबर पुकारला. दार लागलें. आम्हीं घड्याळ पाहिलें होतें; दार पुन्हा उघडलें तेव्हां पुरतें एक मिनिटही झालें नव्हतें. 'काय झालं गं?' म्हणून विचारलें, तर म्हणाली, "दुसऱ्या ओळीवर त्यांनी हात वर केला, आबा. थँक यू म्हणाले."

यांत कोणाचा अन्याय झाला असें आम्ही म्हणणार नाहीं. शेंकडों मुलें ऐकावयाचीं तर कोणीही असेंच करील. आणि जाणकारास दोन ओळींत पुष्कळ कळतें, हेंही खरें. परतीच्या गाडींत आम्हीं तिला उपदेशाचे जेवढे म्हणून घोंट आमच्या संग्रहीं होते तेवढे पाजले. अपयश म्हणजे काय, प्रयत्न म्हणजे काय, सर्व झालें. तिनें मुकाट्यानें ऐकलें आणि भुसावळ गेल्यावर अंधारांत विचारलें, "आबा, तुम्ही कधी कोणाला असं मध्येच थांबवलंय?"

आम्ही उत्तर दिलें नाहीं. झोंप लागल्याचें सोंग केलें. कारण उत्तर आम्हांस ठाऊक होतें.

तीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. शाळेंत दर वर्षीं संस्कृत पाठांतराची स्पर्धा होई आणि परीक्षक आम्हीच असूं. एकट्यानें निर्णय देऊं नये, हा कौशिकीचा नियम शिकवणारे आम्ही, पण तेथें एकटेच! बुटीबोरीकडील एका खेड्यांतून सायकलीवर येणारा एक मुलगा त्या वर्षीं उभा राहिला. तो 'ण'च्या जागीं 'न' म्हणे. घरांत, गांवांत जें ऐकलें तेंच तो बोलणार ! तिसऱ्या चरणास आम्हीं हात वर केला आणि म्हणालों, "बस. आधी 'ण' म्हणायला शीक, मग संस्कृताकडे ये." वर्ग हंसला. आम्हांसही आपल्या विनोदाचें समाधान वाटलें. त्यानें किती श्लोक पाठ केले होते, हें आम्हीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं शाळेच्या शिपायानें सहज सांगितलें कीं, तें पोर आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर मागच्या चिंचेखालीं उभें राहून सर्गच्या सर्ग म्हणत होतें. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. तो आज कोठें आहे, काय करतो, आम्हांस माहीत नाहीं. त्याच्या उच्चाराची चूक होती, हें आम्ही आजही म्हणूं. पण चूक ऐकण्याआधीं मुलगा ऐकावयाचा असतो, हें त्या दिवशीं आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं. आणि सांगतें तरी आम्हीं ऐकलें असतें, असें नाहीं.

घरीं आल्यावर नातीनें पेटी उघडली नाहीं. दोन महिने झाले. रात्रीं स्पर्धा लागली कीं ती अभ्यासाचें निमित्त काढून आंत जाई. आमच्या लक्षांत आलें कीं, दहा माणसांचें घर रोज रात्रीं परक्या मुलांचें गाणें पदरमोड करून ऐकत होतें, आणि घरच्या मुलीचें गाणें बंद पडलें याची खंत बोलून दाखविण्यास मात्र कोणास सवड नव्हती.

दिवाळींत धाकटे चिरंजीव अमेरिकेहून सहकुटुंब आले. त्यांचा मुलगा तिकडे बेसबॉल खेळतो. हा खेळ म्हणजे क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. यांत चेंडू टप्पा न पाडतां थेट फेंकावयाचा असतो आणि सारें कौशल्य फेंकणाऱ्याच्या खांद्यांत असतें. त्यानें आपल्या बहिणीस 'मिलियन डॉलर आर्म' हा २०१४ चा चित्रपट दाखविला. त्यांतील कथा खरी आहे. २००८ सालीं, म्हणजे आमच्या घरांत पक्ष पडले त्याच वर्षीं, भारतांत एक टीव्हीवरील स्पर्धा झाली. बेसबॉलचा चेंडू कोण अधिक वेगानें आणि नेमका फेंकतो, हें पाहावयाचें. हजारों तरुणांतून उत्तर प्रदेशांतले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघेही भालाफेंक करणारे. बेसबॉल कसला तो त्यांस माहीत नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स या संघानें दोघांशीं करार केला.

चित्रपट संपल्यावर नातीनें विचारलें, "पुढं काय झालं त्यांचं?" रिंकू कांहीं वर्षें तिकडच्या दुय्यम संघांतून खेळला आणि २०१८ पासून व्यावसायिक कुस्तींत गेला. "आणि दुसरा?" दुसऱ्यास २०१० सालीं संघानें मोकळें केलें, तो आपल्या गांवीं परतला आणि मुलांस बेसबॉल शिकवूं लागला. नात थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याचं थांबलं नाही."

त्या रात्रीं आम्हीं एक निश्चय केला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिच्या खोलींत जाऊन आम्हीं विनविलें, "बाई, आम्हांला 'झिंगाट' शिकव." २०१६ च्या 'सैराट'मधलें हें अजय-अतुल यांचें गाणें; आमच्या गल्लींतील गणपतीच्या मिरवणुकींत तें वाजे तेव्हां आम्ही खिडक्या लावून घेत असूं. तिला वाटलें, आबा थट्टा करतात. आम्हीं वही-पेन्सिल पुढें केली, तेव्हां ती हंसली आणि पेटीवरचें फडकें काढलें.

आम्हीं जें कांहीं गायिलें, त्याचें वर्णन न करणेंच बरें. ताल एकीकडे, आम्ही दुसरीकडे. सूनबाई स्वयंपाकघरांतून धांवत आल्या. मातोश्री पलंगावर उठून बसल्या आणि पदरानें डोळे पुसूं लागल्या, इतकें त्यांस हंसूं आलें. आमची दृष्टि मात्र नातीच्या हाताकडे होती. तो कोणत्याही ओळीस वर झाला असता तरी आम्हीं तक्रार केली नसती. हात पेटीवरच राहिला. तिनें कडवें संपेपर्यंत ऐकलें आणि मग अगदीं मास्तरणीच्या गांभीर्यानें म्हणाली, "आबा, सूर सापडतोय. पण इतकं शुद्ध नका म्हणू. तुमचा प्रत्येक 'ण' वेगळा ऐकू येतो."

आम्हीं मान खालीं घातली आणि 'बरें' म्हटलें.

"हं," ती म्हणाली, "आता पहिल्यापासून म्हणा. मी ऐकतेय."