सेवकाचें बळ

खेळण्यांवर प्रौढांनीं लिहूं नये, असा एक अलिखित संकेत आपल्या सुशिक्षित वर्गांत फार दिवस रूढ आहे. क्रिकेटवर लिहिलें तर चालतें. बुद्धिबळावर लिहिलें तर विद्वत्तेंत भरच पडते. परंतु बॅटरीवर पळणाऱ्या आणि दुरून चालविल्या जाणाऱ्या गाडीविषयीं पन्नाशी उलटलेल्या एखाद्या प्राध्यापकानें दोन पानें खर्चीं घालावीं, हें वाचकांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आमचा नाइलाज आहे. गेलें वर्षभर आमच्या दिवाणखान्यांत असें एक वाहन मुक्काम ठोकून आहे, आणि त्याच्या पोटांतील काड्यापेटीहून थोड्या जाड अशा एका यंत्रानें आम्हांस जितका विचार करावयास लावला, तितका अलीकडच्या पुष्कळ जाडजूड ग्रंथांनींहि लावलेला नाहीं.

हें वाहन आमच्या भाच्याचें. आमच्या धाकट्या भगिनीचें घर अक्कलकोट रस्त्याच्या बाजूस आहे. घरालगतच टॉवेलचे आठ यंत्रमाग आहेत, आणि त्यांच्या खडखडाटांत तंत्रनिकेतनाचा अभ्यास होत नाहीं, म्हणून मुलगा जुळे सोलापुरांत आमच्याकडे राहतो. येतांना त्यानें पुस्तकें एका पिशवींत आणि ही गाडी सुट्या भागांसह दोन खोक्यांत आणली. ह्यावरून त्याच्या आवडीनिवडीचा अंदाज वाचकांनींच करावा. गाडीच्या जातीचें नांव 'मॉन्स्टर ट्रक'. मराठींत तिला 'राक्षसगाडी' म्हणावें, असें आम्हीं सुचवून पाहिलें. पण तो शब्द ऐकून भाच्यानें आमच्याकडे ज्या दयार्द्र दृष्टीनें पाहिलें, ती पाहून मराठी परिभाषेची सेवा आम्हीं तेवढ्यावरच थांबविली.

ह्या जातीचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंतील सेंट लुइस येथील बॉब चँडलर ह्या गृहस्थांनीं आपल्या मालवाहू मोटारीस अवाढव्य चाकें लावून 'बिगफूट' नांवाची गाडी तयार केली, आणि १९८१ सालीं ती दोन जुन्या मोटारींवरून चालवून त्यांचा चुराडा केला. लोकांस हा प्रकार अतोनात आवडला. पुढें १९८७ सालीं जपानांतील तामिया कंपनीनें 'क्लॉड बस्टर' ह्या नांवानें त्याच ढंगाची, चारहि चाकें वळणारी, रेडिओवर चालणारी छोटी प्रतिकृति बाजारांत आणली. आमच्या लहानपणीं हें कांहींच आमच्यापर्यंत पोंचलें नव्हतें. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या जत्रेंत, होम मैदानावर, पत्र्याची मोटार मिळे; किल्ली दिली कीं ती सरळ धांवे आणि भिंतीवर आपटून थांबे. तिला एकच आज्ञा कळत असे. वळणें हा प्रकार तिच्या आयुष्यांत नव्हता.

आणि सारी मौज वळण्यांतच आहे. ह्या नव्या गाडींत चाकें फिरविणारी एक मोटार असते. तिचें काम केवळ धांवण्याचें. चाकें वळविण्याचें काम करणारा तो निराळा. त्याचें नांव 'सर्व्हो'. खेळणाऱ्यानें हातांतील रिमोटचें चक्र किंचित् फिरविलें कीं रेडिओच्या लहरींवरून गाडींतील रिसीव्हरकडे आज्ञा जाते, आणि रिसीव्हर सर्व्होकडे दर सेकंदास सुमारें ५० वेळां विजेचा एक अल्पसा ठोका पाठवितो. ठोका १ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका, टिकला तर चाकें एका टोकास. २ मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकास. आणि दीड मिलिसेकंद टिकला तर मधोमध, असा सर्वसाधारण संकेत आहे. सर्व्होच्या पोटांत एक चिमुकली मोटार, दांत्यांच्या चक्रांची एक माळ आणि बाहेर येणाऱ्या दांड्याला जोडलेलें एक मोजणारें साधन असतें. दांडा प्रत्यक्ष कोठें आहे, हें तें साधन सांगतें. आज्ञा कोणत्या जागेची आहे आणि आपण कोणत्या जागेवर आहों, ह्या दोहोंतील अंतर सर्व्हो सारखा पाहत असतो, आणि तें अंतर नाहींसें होईपर्यंत झटत राहतो. दगडानें चाक ढकलून बाजूस केलें, तरी तो तें पुन्हां सांगितलेल्या जागीं आणतो. वर्गांत तीस वर्षें उभे राहून आम्हांस असें आढळलें आहे कीं, सांगितलेलें ऐकून घेणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. पण सांगितलेल्या जागेपासून आपण अजून किती दूर आहों, हें स्वतः होऊन पाहणारा एखादाच निघतो.

'सर्व्हो' ह्या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. 'सर्व्हुस' म्हणजे दास. आपल्या 'सेवा' शब्दाशीं त्याचें उच्चारसाम्य पाहून कोणाच्या मनांत व्युत्पत्तीचे मनोरे उभे राहूं लागतील, तर त्यांनीं ते आवरावे. ही कल्पना जन्मली ती समुद्रावर. बोटी मोठ्या होत गेल्या, तसें सुकाणूं माणसांच्या हातांस आवरेनासें झालें. 'ग्रेट ईस्टर्न' ह्या त्या काळच्या प्रचंड आगबोटीवर जॉन मॅक्फार्लन ग्रे ह्यांनीं १८६० नंतरच्या दशकांत सुकाणूं वळविण्यासाठीं वाफेचें यंत्र बसविलें. सुकाणूं हव्या त्या जागीं पोंचलें कीं वाफ आपोआप बंद व्हावी, अशी त्यांत योजना होती. फ्रान्समधील जोसेफ फार्को ह्या अभियंत्यानें १८७३ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा यंत्रास 'सर्व्हो-मोतर' हें नांव दिलें. पुढें १८९८ सालीं निकोला टेस्ला ह्यानें न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या कुंडांत एक लहान होडी तारेवांचून चालवून दाखविली, तेव्हां प्रेक्षक थक्क झाले. आमच्या दिवाणखान्यांतील गाडीचें कूळ इतकें थोर आहे.

आतां मुख्य हकीकत. जुळे सोलापुरांत अजून रिकामे भूखंड आहेत, आणि पावसाळ्यांत त्यांवरील काळी माती चाकांना असा विळखा घालते कीं, चालणाऱ्या माणसाची चप्पलहि ती सहजासहजीं परत देत नाहीं. पहिल्याच पावसांत ह्या मातींत वळतां वळतां गाडीबरोबर आलेल्या सर्व्होचे प्लॅस्टिकचे दांते झिजून गेले. सर्व्होचें बळ 'किलो-सेंटिमीटर' ह्या मापानें सांगतात; दांड्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटरावर तो किती किलोंचा भार तोलून धरील, हा त्याचा अर्थ. जुना ६ चा होता. भाच्यानें सुटींत मिळविलेल्या पैशांतून दीड हजार रुपये खर्चून धातूच्या दांत्यांचा, २५ चा, नवा सर्व्हो मागविला. चौपटीहून अधिक बळ आलें. आतां चिंता मिटली, असें घरांत सर्वांस वाटलें.

परंतु बळ एकटें येत नाहीं. नव्या दांड्यावरील दांत्यांची संख्या निराळी असल्यामुळें जुनी भुजा त्यावर बसेना. शिवाय जुन्या भुजेंत एक स्प्रिंग होती. चाकास दगडाचा तडाखा बसला कीं ती क्षणभर दबे, आणि धक्का सर्व्होच्या दांत्यांपर्यंत पोंचूं देत नसे. "मामा, ही मऊ आहे, हिच्यामुळें सगळा जोर वाया जातो," असें म्हणून भाच्यानें तिच्याऐवजीं ॲल्युमिनियमची अखंड भुजा बसविली. मग दुसरेंच संकट उभें राहिलें. चाकें मातींत अडकलीं कीं बलवान सर्व्हो इतकी वीज ओढी कीं रिसीव्हरला ती कमी पडे. तो क्षणभर बेशुद्ध होई, आणि गाडी कोणाचेंच न ऐकतां भलतीकडे जाई. त्यासाठीं सर्व्होला स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा लागला. इतकें सारें झाल्यावर, एके संध्याकाळीं, गाडी रस्त्याच्या कडेच्या दगडावर आदळली, आणि नव्या सर्व्होचे धातूचे दोन दांत तुटून पडले. दुबळेपणा घरांतून गेला नव्हता. तो एका खोलींतून दुसऱ्या खोलींत राहावयास गेला होता.

त्याच आठवड्यांत परीक्षेचा निकाल लागला, आणि आमचा भाचा दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला. त्यांतील एक गणित. आमचे मेहुणे भेटीस आले ते ठरवूनच आले. ते मितभाषी गृहस्थ आहेत. वडिलांच्या वेळचे दोन माग त्यांनीं स्वतःच्या श्रमांनीं आठ केले आहेत. मुलाला पहाटेचा एक क्लास, संध्याकाळचा दुसरा, मोबाइल बंद, गाडी विकून टाकावयाची आणि रविवारीं मागावर काम, असा त्यांचा बेत होता. "थोडा जोर कमी पडतो आहे, तो लावला कीं गाडी बरोबर येईल," असें ते म्हणाले. ते गाडी म्हणाले ती मुलाविषयीं. मुलगा खालीं मान घालून बसला होता. मागील चार महिन्यांत बापलेकांमध्यें कामापुरतीं दहा वाक्येंहि झालीं नसतील, हें आमच्या भगिनीनें आमच्या सौभाग्यवतींस डोळ्यांत पाणी आणून सांगितलेलें होतें. ह्या बेतानें तीं दहाहि उरतीं ना, असें आम्हांस स्पष्ट दिसत होतें. पण दुसऱ्याच्या मुलाविषयीं त्याच्या बापापुढें व्याख्यान देण्याचा अधिकार मामाला असतो कीं नाहीं, ह्याचा आम्ही विचार करीत होतों.

तेवढ्यांत मेहुण्यांची दृष्टि टेबलावर उघडून ठेवलेल्या सर्व्होवर गेली. तुटलेलें चक्र त्यांनीं बोटांत धरून उजेडाकडे नेलें. यंत्राशीं आयुष्य काढलेल्या माणसास मोडलेला भाग पाहून गप्प बसवत नाहीं. "हें कशानें तुटलें?" त्यांनीं विचारलें. मुलानें प्रथम एका शब्दांत उत्तर दिलें. मग दोन वाक्यांत. मग जुनी भुजा आणून तिची स्प्रिंग दाखविली, आणि ती कां काढली तें सांगितलें. मेहुण्यांनीं ती अंगठ्यानें दाबून पाहिली आणि म्हणाले, "अरे, हा तर धोट्याचा पट्टा! तो काढून माग चालवलास होय?"

यंत्रमाग ज्यांनीं जवळून पाहिला नसेल, त्यांच्यासाठीं थोडें स्पष्टीकरण अवश्य आहे. मागावर आडवा धागा घेऊन धोटा एका पेटींतून दुसऱ्या पेटींत मिनिटास शंभराहून अधिक वेळां फेंकला जातो. फेंकणारी काठी सर्वांस दिसते. पण पलीकडच्या पेटींत येणाऱ्या धोट्याचा वेग झेलून घेणारा चामड्याचा एक पट्टा असतो, त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. कापड कमी निघतें म्हणून नवखा कारागीर मार वाढवितो, आणि पट्टा तसाच ठेवतो. मग धोटा पेटींत आपटून उलट येतो, धागा तुटतो, कधीं धोटाच फुटतो. "मार एक आणा वाढवलास तर पट्टा आधीं पाहायचा," असें मेहुणे म्हणाले. आणा जाऊन कितीतरी वर्षें झालीं, पण मागावर तो अजून चालतो.

त्यानंतर सुमारें तासभर आम्हांस त्या खोलींत कांहीं काम उरलें नाहीं. बापलेक दोघे टेबलावर वांकले होते. स्प्रिंग अगदीं मऊ नको, थोडी कडक पाहिजे. चाकें टोकास पोंचल्यावरहि सर्व्हो ढकलीत राहिला तर तापेल, म्हणून रिमोटवरच त्याची मर्यादा बांधून द्यावी. इत्यादि खल चालला होता. गणिताचें नांव निघालें तें मुलाच्याच तोंडून. भुजेची लांबी दुप्पट केली तर बळ निम्में कां होतें, हें वडिलांस समजावून देतांना त्यानें कागदावर मांडणी केली, आणि मेहुण्यांनीं ती मुकाट्यानें ऐकून घेतली.

जातांना मेहुणे आम्हांस म्हणाले, "सध्यां संध्याकाळचा एकच क्लास लावूं. रविवारीं तो घरीं येऊं दे, पण मागावर नको, जेवायला." गाडी विकण्याची गोष्ट निघाली नाहीं. येथें आम्ही चमत्काराची कथा सांगत नाहीं. पुढच्या परीक्षेंत भाचा एका विषयांत उत्तीर्ण झाला. गणित अद्यापि राहिलें आहे. मात्र रविवारीं तो घरीं जातो, आणि परत येतांना वडिलांनीं काय सांगितलें तें आम्हांस सांगतो.

आपल्या समाजांत बळ वाढविण्याची हौस दांडगी आहे. मुलांवर, शिक्षकांवर, यंत्रांवर आणि स्वतःवरहि आपण जोर वाढवीत असतों, आणि तो वाढविल्यावर धक्का कोठें जाऊन बसेल, हें क्वचितच विचारतों. बळ नको, असें आमचें म्हणणें नाहीं. काळ्या मातींत ६ किलोंच्या सर्व्होनें भागत नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण २५ चा घेतला कीं स्प्रिंगहि त्याच्या तोलाची घ्यावी लागते. त्या दुकानदारानें सर्व्होबरोबर नव्या स्प्रिंगचेंहि बिल पाठविलें: सर्व्हो १,५०० रुपये, स्प्रिंगची भुजा १८० रुपये. पहिली रक्कम भाच्यानें दिली. दुसरी त्याच्या वडिलांनीं, कोणी न मागतां.