भाकरीचा जमाखर्च

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येक प्राण्याच्या देहांत जमाखर्चाची एक वही जन्मापासून मरणापर्यंत अखंड लिहिली जात असते. जमेच्या बाजूस अन्न. खर्चाच्या बाजूस श्वास, हृदयाचे ठोके, देहाची ऊब, हालचाल व वाढ. या वहींत खोटी नोंद करितां येत नाहीं, आणि उधारीही फार दिवस चालत नाहीं.

आमचें बालपण शेतकऱ्याच्या घरीं गेलें. म्हणून प्रथम उदाहरण बैलाचेंच घेतों. बैल कडबा खातो. त्या कडब्यांतील शक्ति मुळांत सूर्याची. ज्वारीच्या पानांनीं ती उन्हांतून सांठविलेली असते. परंतु कडब्याचे कठीण तंतु पचविण्याचें सामर्थ्य खुद्द बैलाच्या अंगीं नाहीं. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. ते हे तंतु आंबवून त्यांपासून बैलास उपयोगी पडणारीं आम्लें तयार करितात. बैल निवांत बसून रवंथ करितो, तेव्हां तो या जंतूंसाठींच चारा बारीक करीत असतो. तरीही सर्व शक्ति त्याच्या पदरीं पडत नाहीं. कांहीं भाग मिथेन वायूच्या रूपानें ढेकरेबरोबर जातो, कांहीं मूत्रांतून जातो, आणि बराच मोठा भाग शेणांत उरतो. आमची आई त्याच शेणाच्या गोवऱ्या थापीत असे व त्यांवर भाकरी भाजीत असे. चुलींतली ती धग म्हणजे बैलानें खाल्लेल्या, पण त्याला न लाभलेल्या शक्तीचीच होय!

मग जी शक्ति रक्तांत उतरते तिचें काय होतें? फ्रान्स देशांतील लाव्हाझिए व लाप्लास या शास्त्रज्ञांनीं इ. स. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें हें मोजलें. त्याच्या उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइड वायूची व त्या उष्णतेची त्यांनीं कोळशाच्या ज्वलनाशीं तुलना केली. श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढिला.

हें ज्वलन सर्व प्राण्यांत सारखें नसतें. भिंतीवरची पाल आपली ऊब स्वतः राखीत नाहीं. ती बाहेरच्या हवेबरोबर तापते व निवते. म्हणून तिचें थोड्या किड्यांवर भागतें. तितक्याच वजनाच्या लहान उंदरास मात्र दहापट किंवा त्याहूनही अधिक अन्न लागतें. कारण आपला देह अहोरात्र ऊबदार राखण्यांतच त्याची बहुतेक कमाई जाते. बैल नांगर ओढतो तेव्हांही स्नायूंनीं खर्च केलेल्या शक्तीपैकीं सुमारें एक चतुर्थांशच कामास येते; बाकीची उष्णता होऊन निघून जाते.

आणि जमाच कमी पडली तर? चाराटंचाईच्या एका वर्षीं आम्हीं हें गोठ्यांत पाहिलें. आधीं बैलाची चरबी गेली, मग पुठ्ठ्याचें मांस झडूं लागलें. तो हट्टी झाला नव्हता. त्याचा देह गांठीचें मोडून जगत होता. वडिलांनीं त्या दिवसांत त्याच्यावर एकदांही आसूड उगारला नाहीं.

ही गोष्ट आम्हांस पुढें वर्गांत फार उपयोगी पडली. एक विद्यार्थी तिसऱ्या तासास नेमका डुलक्या घेत असे. त्याची आई भेटीस आली असतां म्हणाली, "गुरुजी, पोरगं आळशी झालंय. चांगला मार द्या त्याला."

आम्हीं विचारलें, "बाई, सकाळीं तो काय खाऊन निघतो?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "च्या पिऊन जातो. भाकरी रातच्यालाच संपते."

तो मुलगा रोज पांच किलोमीटर चालत येत असे. मोठ्या माणसाचा मेंदू वजनानें देहाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका. पण विश्रांतीच्या वेळच्या खर्चापैकीं सुमारें पांचवा भाग तो एकटा घेतो. मुलांत तर हा वाटा याहून मोठा असतो. अन्न अपुरें पडलें कीं बालदेह खेळ व हालचाल कमी करितो, आणि टंचाई लांबली तर वाढही आवरती घेतो. त्या माउलीस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, रात्रीं एक भाकरी मुलाच्या नांवानें झांकून ठेवावी. ती ठेवूं लागली, आणि मुलाच्या डुलक्या थांबल्या. ती भाकरी तिच्या स्वतःच्या ताटांतली असे, हें आम्हांस मागाहून कळलें.

पालकहो, मूल सुस्त दिसलें तर छडीपूर्वीं त्याची ही वही पाहावी. आणि विद्यार्थिमित्रहो, डब्यांतील भाकरी अर्धी टाकून देण्यापूर्वीं एक विचार करावा. जी भाकरी तुमच्या जमेस पडते, ती कोणाच्या वहींत खर्चीं पडली आहे, याचा शोध आपापल्या घरीं अवश्य घ्यावा.