भागानगरातला एक शाही दिवस

हैदराबादेतल्या मराठी घरांना पाहुण्यांची सवय असते, आणि पाहुण्यांचा कार्यक्रमही ठरलेला असतो: चारमिनार, सालारजंग, बिर्याणी, मोती. या दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरहून माझी आतेबहीण दोन मुलांना घेऊन आली. मुलांनी फोनवरच बजावलं होतं, "मामा, आम्हाला फक्त राजांचं दाखव." हातात एकच दिवस. मग काय, आमच्या आयटीवाल्यांच्या खोडीप्रमाणे मी तक्ता करायला बसलो.

तुम्हीही असा बेत आखणार असाल तर आधी शुक्रवार खोडा. चौमहल्ला आणि पुरानी हवेली दोन्ही त्या दिवशी बंद असतात. सुट्टीच्या संध्याकाळी जुन्या शहरात गाडी घालणं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे रविवारही नको. सालारजंग संग्रहालय मी मनावर दगड ठेवून वगळलं. ते सुंदर आहे, पण ते राजांचं नव्हे, निजामाच्या दिवाणांच्या घराण्याचं. त्यात शिरलं की अर्धा दिवस गेलाच.

उरला क्रम. तो मी काळाच्या ओघाने लावला: सकाळी गोवळकोंडा, लगेच कुतुबशाही मकबरे, दुपारी जुनं शहर आणि निजाम. गड ऊन चढण्याआधी होतो, हा एक फायदा. शिवाय झुंबरं आधी दाखवली की नंतर पडक्या भिंतींकडे मुलं ढुंकूनही बघत नाहीत.

तक्ता झाला, पण आजोबा अडले. ते सत्याऐंशीचे, मूळचे परभणीकडचे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला, हे आपण शाळेत वाचलं. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. रझाकार आले अशी हाळी उठली की आईबरोबर ज्वारीच्या शेतात रात्र काढायची, हे त्यांचं बालपण. "त्याचा थाट बघायला मी तिकीट काढून जाऊ?" एवढंच म्हणाले. पुढे म्हणाले, "गोवळकोंड्याला येतो. तिथे महाराज आले होते."

१६७७ साली, दक्षिण दिग्विजयाच्या वाटेवर, शिवाजी महाराज अबुल हसन कुतुबशहाला भेटले हे खरंच. त्या भेटीमागे मादण्णा पंतांची खटपट होती. मात्र भेट झाली ती गडावर नव्हे, खाली शहरातल्या महालात. शहराला तेव्हा आपली माणसं भागानगर म्हणत. ते कुतुबशाही महाल आज उरलेले नाहीत. चारकमानीच्या आसपास कुठेतरी ते होते, एवढंच सांगता येतं. मी हे आजोबांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग शहरातही यावं लागणार."

गडावर मुलांनी फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळ्या वाजवल्या. तिथली टाळी वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते, ती एका अर्थी पहारेकऱ्यांची घंटा होती. आम्ही दोन गट केले, एक खाली आणि एक वर. वर जायला साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, म्हणून ताई आणि आजोबा खालीच थांबले. १६८७ मध्ये औरंगजेबाने हाच गड आठ महिने वेढला होता. शेवटी फितुरीने दरवाजा उघडला आणि कुतुबशाही संपली.

मकबरे तिथून जवळच आहेत. चौथऱ्यावरचे भलेमोठे घुमट पाहताना भाचीने हिशेब मांडला. "शेवटचा राजा कुठला यातला?" तो इथे नाहीच. अबुल हसन दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे. मुलं चकित झाली, कारण दौलताबादला त्यांची शाळेची सहल जाऊन आली होती. त्याच खुलताबादेत त्याला जिंकणारा औरंगजेबही पुरला आहे आणि हैदराबादचा पहिला निजामही. निजामाची राजधानी आधी औरंगाबादच होती, ती इथे आली १७६३ साली. "म्हणजे तुमच्याकडची राजधानी आमच्याकडून आली," भाची म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी चौमहल्ला. खिलवत दरबारात बेल्जियमच्या काचेची १९ झुंबरं टांगलेली आहेत, खाली संगमरवरी चौथऱ्यावर गादी. भाचा मात्र १९१२ च्या पिवळ्या रोल्स रॉइसपाशी जो चिकटला तो हलेना. आजोबा बराच वेळ बाहेर हौदाच्या कडेला बसून होते. मग काठी टेकत आत आले, वर पाहिलं आणि मुलांना जवळ बोलावलं. "आमच्या गावचा सारा इथे यायचा," ते म्हणाले. सारा म्हणजे काय, हे भाच्याला ठाऊक नव्हतं. आजोबांनी खाली बसूनच समजावलं: जमीन किती, पीक किती, त्यातलं सरकारात किती आणि घरात किती. झुंबराखाली पाऊण तास गेला. पुरानी हवेलीतलं सहाव्या निजामाचं दुमजली कपाट त्यामुळे राहिलं. तक्त्यात नव्हतं ते घडलं आणि मी मध्ये पडलो नाही.

बाहेर पडताना भाचीने विचारलं, "मग १९४८ नंतर निजामाचं काय झालं?" मी सांगितलं की १९५० मध्ये त्यालाच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख केलं. आजोबा म्हणाले, "ते मला अजून पटलेलं नाही."

संध्याकाळी लाड बाजारात बांगड्या झाल्या आणि चारमिनारपाशी इराणी चहा. सोबत उस्मानिया बिस्किटं. हे नाव कुणाचं, हे आजोबांना पक्कं ठाऊक आहे. त्यांनी चार खाल्ली. भाचीने तेवढ्यात माझा फोन घेतला आणि तक्त्याच्या तळाशी एक ओळ वाढवली: खुलताबाद, घरी गेल्यावर पहिला रविवार, आजोबांना आणायचं.