एक स्लॅश

लॅपटॉपची एसएसडी गेली तेव्हा मी घाबरले नाही. दर रविवारी रात्री आरसिंक चालायचं आणि अख्खी लिनक्स सिस्टीम बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरायची.

अख्खी म्हणजे, काही डिरेक्टरीज वगळून. पहिला बॅकअप संपतच नव्हता. शोधल्यावर कळलं, 'प्रॉक' डिरेक्टरीत 'केकोर' नावाची फाइल असते आणि तिचा आकार 128 टीबी दिसतो. माझी डिस्क 512 जीबीची! ती फाइल डिस्कवर नसतेच. कर्नल फक्त मेमरीकडे बघायची खिडकी उघडून देतो. प्रॉक, सिस, डेव्ह, रन या डिरेक्टरीज मशीन सुरू झालं की नव्याने भरतात. त्या वगळायच्याच.

मग मला वगळायची चटकच लागली. कॅश, कचरापेटी, नोड मॉड्यूल्स आणि तात्पुरत्या फाइल्सची 'टीएमपी'.

यादीत मी नुसतं टीएमपी लिहिलं. आधी स्लॅश हवा होता. स्लॅश असेल तर आरसिंक फक्त मुळाशी असलेली टीएमपी सोडतं. नसेल, तर त्या नावाचं जे जिथे सापडेल ते सोडतं. एरर येत नाही. बॅकअप नीट पूर्ण होतो.

माझ्या होममध्येही एक टीएमपी होती. आजीच्या शेवटच्या दिवाळीत तिच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. फोन भरला म्हणून घाईत लॅपटॉपवर टाकल्या, 'नंतर नीट लावू' म्हणत, टीएमपीत. फोनवरून उडवल्या.

रिस्टोअर केल्यावर कॉलेजच्या असाइनमेंट्स आल्या, जुने सीव्ही आले, रिचार्जच्या पावत्यासुद्धा आल्या. ओव्या आल्या नाहीत.

आईला सांगायला दोन दिवस लागले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, दोन-तीन येतात मला. लिहून घे. आवाज मात्र तिचा नाही यायचा."

आता यादी बदलली की मी आधी ड्राय रन करते, दोन 'व्ही' लावून. कुठली डिरेक्टरी कुठल्या नियमामुळे सुटली, ते आरसिंक एकेक ओळीत सांगतं. तेव्हाही सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

आईच्या तीन ओव्या रेकॉर्ड केल्यात. फोल्डरला आजीचं नाव दिलंय.