दुसऱ्याचे पात्र

कर्त्याच्या मृत्यूची वार्ता मराठी समीक्षाव्यवहाराने केव्हाच स्वीकारली. पण अनेक कर्ते एकाच संहितेत एकत्र नांदत असतील तर तिचे वाचन कसे करावयाचे, या प्रश्नाकडे त्याचे लक्ष क्वचितच गेले. दशावतारात कथासूत्र रंगपटात ठरते आणि संवाद प्रत्यक्ष रंगमंचावर, समोरच्या नटाच्या उत्तरातून घडतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु लिखित संहिता नसल्यामुळे हा प्रकार लोकसाहित्याच्या दालनात ठेवला जातो आणि वाङ्मयीन कर्तृत्वाची चर्चा त्याला वगळून पुढे सरकते. सामूहिक भूमिकालेखन या आजच्या प्रकाराकडे पाहताना ही उपेक्षा अधिकच जाणवते.

या लेखनात सहभागी होणारा प्रत्येक जण एक पात्र स्वीकारतो आणि केवळ त्या पात्राची उक्ती व कृती लिहितो. दुसरा आपल्या पात्राच्या मुखाने उत्तर देतो, तिसरा त्यात भर घालतो, आणि कथानक कोणा एकाच्या मालकीचे न राहता वाढत जाते. या व्यवहाराचा एक मूलभूत नियम आहे : दुसऱ्याच्या पात्राची प्रतिक्रिया आपण लिहावयाची नाही. तलवार उगारल्याचे लिहिता येते. ती समोरच्याला लागली की नाही, हे ज्याने त्याने ठरवावयाचे. खेळाचा म्हणून सांगितला जाणारा हा नियम वस्तुतः नैतिक आहे. समोरच्याला उत्तराचा हक्क आहे, एवढेच तो सांगतो.

या प्रकाराला जपानसदृश भूतकाळाचे विशेष आकर्षण आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये भूमिकाक्रीडेला मुद्रित नियमावली मिळाली. १९७९ मध्ये ‘बुशिडो’ आणि १९८५ मध्ये ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’ हे ग्रंथ आले. १९९५ पासून पत्त्यांच्या खेळातून ‘रोकुगान’ नावाचे कल्पित साम्राज्य उभे राहिले. सामुराई, कुळांची वैरे, मानअपमान, भुतेखेते यांनी ही जगे भरलेली आहेत. पूर्वीच्या काही ग्रंथांतील आशियाच्या चित्रणावर टीका झाल्यानंतर २०२० मध्ये प्रकाशकांनी जुन्या साहित्याला खुलासा जोडला. या घटनेचा अर्थ वरील नियमाच्या प्रकाशात स्पष्ट होतो. खेळाडू एकमेकांच्या पात्रांबाबत कमालीचे काटेकोर असतात. परंतु ‘जपान’ हे जे सर्वांत मोठे पात्र त्या जगात वावरते, त्याची सारी उत्तरे तेच लिहितात.

आणि हे जपानच्या बाबतीत व्हावे, यात एक विसंगती आहे. सामूहिक रचनेचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या वाङ्मयीन परंपरा थोड्याच आहेत. बाशोच्या काळात (१६४४-१६९४) कवी एकत्र बसून साखळीकाव्य रचीत. छत्तीस कडव्यांचा बंध विशेष रूढ होता. पहिले कडवे पाहुण्याचे आणि दुसरे यजमानाचे, असा संकेत होता. प्रत्येक कडव्याने आधीच्या कडव्याशी नाते जोडावयाचे, पण त्याच्याही आधीच्या कडव्यापासून दूर सरकावयाचे. त्यामुळे एका मनाची पकड रचनेवर बसत नसे. मासाओका शिकी (१८६७-१९०२) याने पहिले कडवे स्वतंत्र कविता म्हणून प्रतिष्ठित केले व साखळीकाव्याचे वाङ्मयपण नाकारले. मराठीत शिरीष पै यांनी रुजविलेला हायकू या विच्छेदानंतरचा आहे. पाहुण्याचे कडवे आपल्याकडे आले. यजमानाचे उत्तर तिकडेच राहिले. हायकूच्या मराठी चर्चेत तीन ओळी, ऋतू आणि क्षण यांची मीमांसा पुष्कळ होते. या रचनेला मुळात कोणीतरी उत्तर देणार होते, ही गोष्ट तीत सहसा येत नाही.

कल्पनेला असे कुंपण घालावयाचे काय, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तरही जपानी परंपरेतच सापडते. १७०१ ते १७०३ या काळातील सत्तेचाळीस रोनिनांच्या प्रकरणावर तिघा लेखकांनी मिळून १७४८ मध्ये ‘कानादेहोन चुशिंगुरा’ हे बाहुलीनाट्य रचले आणि राजकीय निर्बंधांमुळे घटना चौदाव्या शतकात नेऊन ठेवली. सामूहिक कर्तृत्व आणि कल्पित इतिहास यांचा संयोग तेथे आहेच. पण त्यांच्या प्रेक्षकाला मूळ घटना ठाऊक होती. रचलेल्या भूतकाळाला तो मनातल्या मनात उत्तर देऊ शकत होता. भूतकाळ रचण्याला हरकत नाही. उत्तर देणारा श्रोता जागेवर आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न मुकुटबनपासून पाहिला की दूरचा राहत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील हे गाव मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषांच्या सीमेवर वसलेले आहे. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये, दिवाळीच्या सुमारास दंडारीचे संघ गावोगाव जातात. मोरपिसांचा भव्य शिरोभूषा धारण केलेला, अंगाला राख फासलेला गुसाडी त्या दिवसांत नेहमीचा माणूस मानला जात नाही. त्याने पाळावयाची व्रते असतात. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या राजगोंडांवरील ग्रंथाने (१९४८) हे जग अभ्यासकांसमोर ठेवले, आणि २०२१ मध्ये गुसाडी नर्तक कनक राजू यांना पद्मश्री मिळाली. येथेही संघ पाहुणा म्हणून येतो आणि गाव यजमान म्हणून त्याला प्रतिसाद देते. भूमिका घेणाऱ्यावर बंधन असते आणि पाहणाऱ्याला अधिकार असतो.

मराठी कथा-कादंबरीत गोंड आणि कोलाम पुष्कळदा आले. रानाची पार्श्वभूमी, निरागसता, ढोल, मोहाची दारू या सामग्रीतून त्यांची पात्रे उभी राहिली आणि त्यांची उत्तरेही लेखकानेच लिहिली. रोकुगानमधील सामुराई आणि अशा कथांतील कोलाम यांच्यात म्हणूनच एक नाते आहे. अंतर तेवढे वेगळे : जपान मुकुटबनपासून दूर आहे, कोलाम पोड मात्र हाकेच्या अंतरावर. पूर्वी या अन्यायाला अंतराची सबब तरी सांगता येत असे. आज पोडावरची मुलेमुली मराठीत वाचतात, पदव्युत्तर वर्गात बसतात, आणि आपल्यावर लिहिलेली कथा त्यांच्यापुढे अभ्यासक्रमातून येऊ शकते. त्या कथेचे पुढचे कडवे लिहिण्याचा हक्क त्यांचा आहे. समीक्षेने सौंदर्यमूल्य आणि वास्तवदर्शन यांच्याबरोबर, संहितेत त्या कडव्यासाठी जागा ठेवली आहे काय, हेही तपासावयास हवे.